पॉइंट बावीस की पॉइंट बत्तीस?

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. आमच्या बचत गटाची मासिक बैठक आटोपली होती. हप्ते जमा झाले, पापडांच्या ऑर्डरीचा हिशेब झाला, चहाचे कप उचलून झाले आणि बायका आपापल्या चपला शोधत बाहेर पडल्या. एक जण मात्र मागे रेंगाळली. सतरंजीची घडी घालता घालता हळूच म्हणाली,

"ताई, एक विचारू? पण हसायचं नाही."

"विचार की."

"रिव्हॉल्व्हरचं लायसन बाईमाणसाला मिळतं का हो? आणि पॉइंट बावीस बरं की पॉइंट बत्तीस?"

मैत्रिणींनो, मी हसले. खरं सांगते, हसू आवरलंच नाही. बाजारात उभं राहून 'आंबेमोहोर घेऊ की इंद्रायणी' असं विचारावं, इतक्या साधेपणाने तिने विचारलं होतं. पण तिने मान खाली घातली आणि माझं हसू तिथेच विरलं.

तिची हकीगत मला माहीत होती. दोन वर्षांपूर्वी नवरा गेला. घर गावात नाही, मळ्यात. गावापासून तीन किलोमीटर. घरात म्हातारी सासू आणि दहावीतली मुलगी. दीर गावातच राहतो. महिन्यातून चार-पाच वेळा पिऊन रात्री मळ्यात येतो, दार बडवतो, 'जमीन माझ्या नावावर कर' म्हणून शिव्या देतो. मागच्या खेपेला त्याने हातात कोयता आणला होता. तेव्हा तिच्या भावाने सल्ला दिला, "लायसन काढ, एक रिव्हॉल्व्हर घे उशाला." कोणतं घ्यायचं यावर भावाचं आणि त्याच्या मित्राचं एकमत होईना. म्हणून ती माझ्याकडे आली.

मी मराठी घेऊन बी. ए. झालेली बाई. शस्त्राशी माझा संबंध विळी आणि दसऱ्याला पुजलेली कात्री एवढाच. पण तिला 'मला माहीत नाही' म्हणून वाटेला लावणं बरं वाटेना. आमच्या सातारा जिल्ह्यात फौजी माणसाला तोटा नाही. आमच्याच आळीत एक निवृत्त सुभेदार राहतात. दुसऱ्या दिवशी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसले. नंतरही बरंच वाचलं, वकीलबाईंना विचारलं. त्यातून जे कळलं ते आज तुमच्यासमोर ठेवते आहे, कारण हा प्रश्न मनात असणारी ती एकटी नसणार.

बोअर म्हणजे काय?

पॉइंट बावीस, पॉइंट पंचवीस, पॉइंट बत्तीस हे आकडे म्हणजे नळीच्या, पर्यायाने गोळीच्या, जाडीचं ढोबळ माप. इंचाचे शंभर भाग केले तर त्यातले बावीस, पंचवीस किंवा बत्तीस. मिलिमीटरमध्ये सांगायचं तर .२२ ची गोळी साधारण साडेपाच मिलिमीटर जाडीची, .२५ ची सव्वासहाच्या थोडी वर आणि .३२ ची पावणेआठ-आठच्या आसपास. आपल्याला ग्रॅम कळतात ते सोन्यामुळे, म्हणून त्याच भाषेत सांगते. .२२ ची नेहमीची गोळी सुमारे २.६ ग्रॅमची असते, म्हणजे लहान मुलीच्या कानातल्या रिंगांएवढी. .२५ ची सव्वातीन ग्रॅमच्या आसपास. .३२ रिव्हॉल्व्हरची साधारण ६.४ ग्रॅमची, एखाद्या बेताच्या अंगठीएवढी. एवढ्याशा वजनावर माणसाचा जीव टांगलेला असतो, हे ऐकून मला कसंसंच झालं.

आता आपल्याला यातलं काय मिळू शकतं? ९ मिलिमीटरसारखे पोलीस आणि सैन्याचे बोअर सामान्य नागरिकाला मिळत नाहीत. त्यामुळे आपल्याकडची निवड मुळातच लहान बोअरमधली. २०१२ च्या डिसेंबरमध्ये दिल्लीत जे घडलं, त्यानंतर २०१४ च्या जानेवारीत कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्याने खास बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचं .३२ रिव्हॉल्व्हर आणलं. टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, वजन अर्धा किलो. तेव्हाची किंमत एक लाख बावीस हजारांच्या पुढे! आणि ते यायचं दागिन्याच्या डबीसारख्या मरून रंगाच्या डबीत. बायकांसाठी काही करायचं म्हटलं की डबी आधी सुचते, असं माझ्या मनात आलंच. पश्चिम बंगालमधल्या इच्छापूरच्या रायफल फॅक्टरीने 'निडर' नावाचं .२२ रिव्हॉल्व्हर काढलं, ते तर पाव किलोचं. म्हणजे चहापत्तीच्या पुड्याएवढं. २०२१ मध्ये हे सगळे कारखाने सरकारी कंपन्यांमध्ये विभागले गेले आणि कानपूरच्या कंपनीने २०२३ मध्ये 'प्रबळ' नावाचं आणखी एक .३२ रिव्हॉल्व्हर आणलं. .२५ बोअरची छोटी पिस्तुलं काही जुन्या घरांतून वारशाने आलेली दिसतात.

मारणं वेगळं, थांबवणं वेगळं

"काका, यातलं चांगलं कोणतं?" मी सुभेदारकाकांना विचारलं.

त्यांनी उलट विचारलं, "चांगलं म्हणजे? मारायला की थांबवायला?"

मला वाटलं, दोन्ही एकच ना? पण नाही. आणि हा फरक समजला तरच बाकीचं सगळं समजतं.

१९८१ च्या ३० मार्चला अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांच्यावर वॉशिंग्टनमध्ये एका हॉटेलबाहेर गोळीबार झाला. रिव्हॉल्व्हर .२२ चं होतं, या सगळ्यांतलं सगळ्यात लहान. दोन सेकंदांच्या आत सहा गोळ्या सुटल्या. एक गोळी गाडीवर आपटून रेगन यांच्या डाव्या काखेखाली शिरली आणि हृदयापासून अगदी थोड्या अंतरावर अडकली. पण गोळी लागली आहे हे त्यांना आधी कळलंच नाही. अंगरक्षकाने गाडीत ढकलताना बरगडी मोडली असेल, असं त्यांना वाटलं. दवाखान्याच्या दारातून ते स्वतःच्या पायांनी चालत आत गेले आणि मग कोसळले. त्याच गोळीबारात त्यांचे माध्यम सचिव जेम्स ब्रॅडी यांच्या डोक्यात गोळी लागली आणि त्यांचं उरलेलं आयुष्य चाकाच्या खुर्चीत गेलं. त्याआधी १९६८ मध्ये रॉबर्ट केनेडींचा जीव गेला तोही .२२ च्याच गोळीने.

म्हणजे लहान गोळी जीव घेऊ शकते, यात शंका नाही. पण ती समोरच्याला त्याच क्षणी थांबवेल याची खात्री नाही. कोयता घेऊन धावत येणारा माणूस दवाखान्यात तीन तासांनी दगावला, तर त्याचा आपल्याला काय उपयोग? त्याआधीच्या दहा सेकंदांत त्याने जे करायचं ते केलेलं असणार. स्वसंरक्षण म्हणजे समोरच्याचा जीव घेणं नव्हे, त्याला थांबवणं. आणि लहान बोअर नेमकं तिथेच कमी पडतं.

हा नुसता काकांचा अंदाज नाही. ग्रेग एलिफ्रिट्झ नावाच्या अमेरिकन पोलीस अधिकाऱ्याने जवळजवळ दहा वर्षं प्रत्यक्ष गोळीबारांच्या नोंदी जमवल्या, सुमारे अठराशे, आणि २०११ मध्ये त्या मांडल्या. कितीही गोळ्या लागल्या तरी थांबलेच नाहीत अशा माणसांचं प्रमाण त्याने काढलं. .२२ मध्ये ते ३१ टक्के, .२५ मध्ये ३५ टक्के आणि .३२ मध्ये ४० टक्के होतं. मोठ्या बोअरमध्ये, म्हणजे .३८ ला १७ आणि ९ मिलिमीटरला १३ टक्के.

आता कुणी म्हणेल, मग .२२ तर .३२ पेक्षा बरं! तसं नाही. .३२ च्या त्याच्याकडच्या नोंदी अवघ्या पंचवीस माणसांच्या होत्या. एवढ्याशा आकड्यावरून डावं-उजवं ठरवता येत नाही. यातून घ्यायचं ते एवढंच, की तिन्ही लहान बोअर जवळजवळ एका माळेचे मणी आहेत आणि तिघांतही साधारण तीनातला एक हल्लेखोर गोळी लागूनही थांबत नाही.

मग उरलेले दोघे का थांबतात? त्यातले बरेच जण गोळीच्या ताकदीने पडत नाहीत, ते घाबरून पळतात किंवा खाली बसतात. गोळी लागली की शहाण्या माणसाची हिंमत जाते. पण आमच्या मैत्रिणीचा दीर येतो तो शुद्धीत येत नाही. दारूच्या आणि रागाच्या भरातल्या माणसाला वेदना उशिरा कळते आणि भीती त्याहून उशिरा.

दोघांत डावं-उजवं

तरीही तिने प्रश्न विचारला होता, तेव्हा सरळ उत्तर द्यायला हवं. सुभेदारकाकांनी ते असं दिलं.

.२२ चं काडतूस स्वस्त, आवाज कमी, हाताला धक्का अगदी थोडा. शिकायला उत्तम. नेमबाजीच्या स्पर्धांतही ते वापरतात. पण त्यात एक खोट आहे. त्याची ठिणगीची दारू बुडाच्या काठात भरलेली असते. काठाच्या एखाद्या जागी ती नीट पोचली नसेल आणि घोडा नेमका तिथेच आपटला, तर नुसता 'टक' असा आवाज येतो. .२५ आणि .३२ मध्ये बुडाच्या मधोमध वेगळी टिकली बसवलेली असते. दिवाळीत पोरं टिकल्या फोडतात ना, तशीच. ती जास्त भरवशाची. म्हणून .२२ घ्यायचंच तर पिस्तूल नको, रिव्हॉल्व्हर घ्यावं. एक काडतूस फुसकं निघालं तर चाप पुन्हा ओढायचा, पुढचं काडतूस समोर येतं. पिस्तुलात अडकलेलं काडतूस दोन्ही हातांनी बाहेर काढावं लागतं आणि त्या वेळी हात कापत असतात.

.२५ ची ताकद जवळपास .२२ एवढीच, फक्त पेटण्याचा भरवसा जास्त. .३२ ची गोळी जड, म्हणून आत जास्त खोल जाते. कागदावर तिन्हींत तीच बरी. पण तिचा धक्का जास्त. आणि ऐकायला उलटं वाटेल, पण शस्त्र जितकं हलकं तितका तोच धक्का हाताला जास्त जाणवतो. जड पाट्यावर वाटताना पाटा हलत नाही, हलका असला की सरकतो, तसंच. 'बायकांसाठी हलकं' म्हणून जे विकतात, ते पर्समध्ये न्यायला सोपं असतं, चालवायला नव्हे. शिवाय छोट्या रिव्हॉल्व्हरचा चाप जड असतो. ज्यांनी कधी ओढला नाही त्यांची नळी चाप ओढता ओढताच खाली किंवा बाजूला जाते.

"म्हणून सांगतो," काका म्हणाले, "लागलेली .२२ ही चुकलेल्या .३२ पेक्षा केव्हाही मोठी. बोअर शेवटी विचारायचं. आधी विचारायचं, ती वर्षाला गोळ्या किती झाडणार?"

मी गप्प झाले. आमच्या तालुक्याला कुठे आलाय नेमबाजीचा सराव? काडतुसं मोजून मिळतात, त्यांचा हिशेब ठेवावा लागतो. ती बाई पहाटे धारा काढते, दिवसभर रानात राबते, संध्याकाळी मुलीचा अभ्यास घेते. तिने सरावाला जायचं कुठे आणि कधी?

आणखी एक गोष्ट काकांनी अंगणात चालून दाखवली. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीच्या पोलीस दलातल्या डेनिस ट्यूलर नावाच्या प्रशिक्षकाने १९८३ मध्ये मांडलेला हिशेब आहे. हातात चाकू असलेला धडधाकट माणूस एकवीस फूट अंतर सुमारे दीड सेकंदात कापतो. एकवीस फूट म्हणजे आमच्या मैत्रिणीच्या ओसरीपासून गोठ्यापर्यंत. तेवढ्या वेळात कमरेचं शस्त्र काढणं शिकलेल्या पोलिसालाही अवघड जातं. मग कपाटात, साड्यांखाली, कुलपात ठेवलेलं शस्त्र? आणि कुलपात ठेवायचं नाही म्हणावं, तर घरात दहावीतली मुलगी आहे. परवाना घेताना शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी लिहून द्यावी लागते, ती वेगळीच. म्हणजे मुलीपासून सांभाळायचं तर ते वेळेला हाताशी नाही आणि हाताशी ठेवायचं तर मुलीच्याही हाताशी. हा पेच कोणत्याही बोअरने सुटत नाही.

संकट येतं कुठून?

बंदुकीच्या जाहिरातीत नेहमी अंधारी गल्ली असते आणि अनोळखी माणूस. आपल्या आयुष्यात तसं असतं का? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे वर्षानुवर्षं एकच सांगतात. बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक वेळा आरोपी बाईच्या ओळखीचा असतो. बायकांवरच्या गुन्ह्यांत सगळ्यात मोठा गट नवऱ्याकडून आणि त्याच्या नातेवाइकांकडून होणाऱ्या छळाचा, सुमारे एक तृतीयांश. म्हणजे बहुतेक वेळा आपलं संकट भिंत फोडून येत नाही. ते दारातून येतं, चहा पिऊन जातं. आपली चावी कुठे असते हेही त्याला ठाऊक असतं.

ओळखीच्या माणसावर नळी रोखणं म्हणायला सोपं. मी तिला विचारलं, "तुझा हात उठेल?" ती म्हणाली, "त्याला लहानपणापासून जेवायला वाढलंय ताई मी." लग्न होऊन आली तेव्हा तो सातवीत होता. आणि हात थरथरला, अडला, तर ते शस्त्र कुणाच्या हातात जाणार? 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात १९९३ मध्ये आर्थर केलरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला होता. बाकीच्या गोष्टी जमेस धरूनही, ज्या घरात बंदूक आहे तिथे खून होण्याचा धोका सुमारे २.७ पट निघाला आणि हा वाढीव धोका मुख्यतः घरच्या किंवा जवळच्या माणसाकडूनच होता. त्या अभ्यासावर तिकडे पुष्कळ वाद झाले. पण आपल्याकडच्या एखाद्या घराचं चित्र डोळ्यांसमोर आणा आणि ते पटतं का, हे तुम्हीच सांगा.

मणिपूरच्या बिनालक्ष्मी नेप्राम यांनी २००४ मध्ये बंदुकीला बळी पडलेल्या घरांतल्या बायकांची संघटना उभी केली. सुरुवात झाली ती एका विधवेला शिवणयंत्र घेऊन देण्यापासून. 'निर्भीक' आलं तेव्हा त्यावर टीका करणाऱ्यांत त्या होत्या. बंदूक जवळून पाहिलेली बाई जेव्हा 'नको' म्हणते, तेव्हा आपण दोन मिनिटं थांबून ऐकायला हवं.

चाप ओढल्यानंतर

कायदा आपल्या बाजूने आहे, हे मात्र प्रत्येकीला माहीत असावं. भारतीय न्याय संहितेत (ती १ जुलै २०२४ पासून लागू झाली) कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाबद्दलच आहेत. जीव जाईल किंवा गंभीर इजा होईल अशी रास्त भीती असेल, बलात्कार, अपहरण किंवा अॅसिड हल्ल्याचा प्रसंग असेल, तर हल्लेखोराचा जीव गेला तरी तो गुन्हा ठरत नाही, असं कलम ३८ सांगतं. पण त्याआधीचं कलम ३७ बजावतं की गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही आणि पोलिसांची मदत मिळण्याइतका वेळ असेल तर हा हक्क नाही. दार बाहेरून बडवणाऱ्या, पण आत न आलेल्या माणसावर गोळी झाडली तर? तो वळून पळत असताना झाडली तर? हे सगळं कोर्टात एकेका सेकंदाने मोजलं जातं. त्या मोजमापाला वर्षं लागतात आणि त्या वर्षांत मुलगी दहावीची बारावीला जाते.

परवान्याचंही तसंच. बाईला तो मिळतो, कायद्यात आडकाठी नाही. वय एकवीस पूर्ण हवं. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा शहरात पोलीस आयुक्तांकडे. पोलीस चौकशी होते, शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा झाला आहे. या सगळ्याला वेळ जातो आणि दीर तर पुढच्या आठवड्यात येणार होता.

ती काय म्हणाली

हे सगळं मी तिला सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, पटतंय. पण तुम्ही आळीत राहता. तुम्ही ओरडलात तर दहा दारं उघडतील. मी ओरडले तर उसाला ऐकू जाणार."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही पूर्ण नाही. घरात बसून 'बंदूक वाईट' म्हणणं सोपं आहे, हे मला तिच्यामुळे कळलं. म्हणून ठरवलं, की तिला 'नको' म्हणायचं असेल तर नुसतं 'नको' म्हणून चालणार नाही. त्या जागी काहीतरी उभं करायला हवं.

आधी वारस नोंद. नवरा जाऊन दोन वर्षं झाली तरी सातबाऱ्यावर तिचं आणि मुलीचं नाव चढलं नव्हतं. दिराचा सगळा जोर त्या मोकळ्या जागेवर होता. ते काम आधी मार्गी लावलं. मग संरक्षण अधिकाऱ्यांकडे घरगुती हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली अर्ज केला. हा कायदा फक्त नवऱ्यापुरता आहे असं आपल्याला वाटतं, पण तो तसा नाही. विधवेलाही सासरच्या सामायिक घरात राहण्याचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. कोर्टाने दिलेला संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. वकिलाची फी परवडत नाही म्हणून अडून बसू नका. विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो.

मग घर. दाराला आतून आडणा, अंगणात मोठा दिवा, गोठ्यापाशी कुत्रं. हाताशी मिरीचा स्प्रे. त्याला परवाना लागत नाही, चुकून मुलीच्या हातात गेला तर डोळे चुरचुरतील, जीव जाणार नाही. पण तोही वाऱ्याच्या विरुद्ध मारला तर आपल्याच डोळ्यांत येतो, म्हणून आम्ही दोघींनी अंगणात तो एकदा मारून पाहिला. फोनमध्ये ११२ आणि शेजारच्या मळ्यातली तीन घरं. गटातल्या बायकांनी ठरवलं, तिचा फोन आला की कितीही वाजले असोत, पाच जणींनी आपापल्या घरच्या माणसांना घेऊन निघायचं.

तो आला. कुत्रं भुंकलं, दिवा लागला, तिने फोन केला. आम्ही पोचेपर्यंत वीस मिनिटं गेली, हे मान्य करायला हवं. त्या वीस मिनिटांत आडण्याने दार धरून ठेवलं. दोन गाड्यांचे दिवे पाहून तो बांधावरून निघून गेला. संरक्षण आदेशाची प्रत हातात पडल्यापासून अजून तरी आलेला नाही. 'अजून तरी' हे शब्द मी मुद्दाम लिहिते आहे.

माझं मत विचाराल तर सांगते. ज्या बाईकडे सरावाला वेळ आहे, पैसा आहे, घरात शस्त्र सांभाळण्याची सोय आहे आणि जिच्या जिवाला खरोखर धोका आहे, तिने परवाना मागितला तर तो तिचा हक्क आहे. तिने मग जे नीट लागतं ते घ्यावं. .३२ हाताला झेपत असेल तर ते, नसेल तर .२२ चं रिव्हॉल्व्हर. पण आपल्यापैकी बहुतेकींसाठी बावीस आणि बत्तीस यांतला फरक हा दाराला आडणा असणं-नसणं, सातबाऱ्यावर नाव असणं-नसणं आणि हाकेला पाच बायका असणं-नसणं, या फरकापुढे फार लहान आहे. बाईच्या सुरक्षिततेचं उत्तर म्हणून तिच्या हातात डबी ठेवून मोकळं होणं मला मान्य नाही. एकटीने, अर्ध्या रात्री, दीड सेकंदात न चुकता निर्णय घ्यावा, ही अपेक्षाच मुळात अन्यायाची आहे.

परवाच्या बैठकीला ती आली होती. जाताना म्हणाली, "ताई, तो लायसनचा फॉर्म मी अजून फाडला नाही हं."

मीही तिला फाड म्हणाले नाही. फक्त पुढच्या बैठकीची तारीख सांगितली आणि तिचा फोन चार्ज आहे ना, ते विचारलं.

तुमच्या गावाबाहेरच्या मळ्यात, वस्तीवर अशी कुणी एकटी राहते का, मैत्रिणींनो? तिच्या फोनमध्ये तुमचा नंबर आहे का?